नवा बुश दहा महिन्यांत का फाटला?

प्रश्न : आमची मारुती ८०० ही २००५ सालची. पुढच्या लोअर आर्मचे कारखान्यातून आलेले बुश तब्बल अठरा वर्षे टिकले. दिवाळीच्या सुट्टीत मी ते अंगणात स्वतः बदलले. माल चांगल्या दुकानातून पक्क्या बिलासह घेतला. शेजारच्या काकांच्या सांगण्यावरून बसवताना सढळ हाताने ग्रीस लावले. गाडी घोडीवर असतानाच सगळे नट ताकद लावून आवळले, कारण गाडी खाली आल्यावर पाना फिरवायला जागा राहत नाही. मग चाके लावून गाडी खाली घेतली. एवढे करूनही पुढचा पावसाळा संपायच्या आत डावा बुश फाटला आणि खड्ड्यातली टक-टक परत आली. दुकानदाराने बनावट माल दिला असेल, की हल्लीचे रबरच तसले?
— एक वाचक, कराड

उत्तर : दुकानदाराला तूर्त निर्दोष सोडू या. बनावट माल बाजारात असतो, हे खरे. पण या प्रकरणातला मुख्य आरोपी तुमच्या पत्रातच बसला आहे, आणि तोही तुम्ही अगदी सहज लिहून गेलेल्या वाक्यात : ‘गाडी घोडीवर असतानाच सगळे नट ताकद लावून आवळले.’ बुशाचे आयुष्य तिथेच निम्मे सरले. ग्रीसने त्याला हातभार लावला. हे कसे झाले ते समजायला आधी बुश म्हणजे काय ते पाहावे लागेल, कारण सगळा घोटाळा त्या शब्दापासूनच सुरू होतो.

बुश म्हटले की आपल्याला टेबलफॅन आठवतो. पंखा करकरू लागला की मागची जाळी काढून आपण बुशात तेलाचे दोन थेंब सोडतो आणि तो गपगार फिरू लागतो. तिथला बुश पितळी असतो, त्याच्या आत दांडा फिरतो आणि दोघांमध्ये तेलाचा पातळ थर लागतो. गाडीच्या आर्ममध्ये असतो त्यालाही आपण बुशच म्हणतो, म्हणून तोही फिरत असणार आणि त्यालाही वंगण हवे असणार, असा समज होतो. नाव एकच असले तरी ही दोन वेगळी माणसे आहेत.

आर्मचा बुश फिरत नाही, तो पिळवटतो. त्याची रचना पाहा. मध्ये पोलादाची एक छोटी नळी, तिच्याभोवती जाड रबर. काही बुशांना रबराच्या बाहेर पत्र्याची आणखी एक नळी असते, तर काहींचे रबरच थेट आर्मच्या टोकाच्या घरात दाबून बसवलेले असते. मधल्या नळीतून बोल्ट जातो. तो आवळला की ब्रॅकेटचे दोन्ही कान आतल्या नळीला चिमट्यात धरतात आणि नळी गाडीच्या सांगाड्याशी एकजीव होते. बाहेरची बाजू आर्मला घट्ट. चाक वरखाली झाले की आर्म हलतो, पण आतली नळी जागची हलत नाही. मधल्यामध्ये रबराला पीळ बसतो आणि चाक जागेवर आले की तो सुटतो. ओला पंचा पिळताना आपण दोन्ही टोके घट्ट धरतो, तसेच हे. कुठेही काहीही घसरत नाही, घासत नाही. म्हणून तर हा भाग तेलपाण्यावाचून अठरा वर्षे चालला.

आता तुमच्या अंगणात काय झाले ते बघू. गाडी उचलली की चाक स्प्रिंगच्या जोराने खाली लोंबते. लहान गाडीचा आर्म साधारण फूटभर लांब धरा आणि चाक नेहमीच्या जागेपासून अडीच-तीन इंच खाली गेले असे माना. म्हणजे आर्म १२ ते १४ अंशांनी खाली झुकला. तुम्ही नेमका त्या अवस्थेत बोल्ट आवळलात. आतली नळी तिथे पकडली गेली, आणि ‘पीळ नसलेली अवस्था’ म्हणजे चाक लोंबकळतानाची अवस्था, असे रबराने धरून ठेवले. मग गाडी खाली आली, आर्म १२ ते १४ अंश वर गेला आणि रबराला तेवढा पीळ बसला. गाडी उभी असली तरी पीळ आहेच. रात्री तुम्ही झोपलेले असतानाही आहे. वर खड्ड्यात चाक आणखी दोन इंच वर गेले की साडेनऊ अंशांची भर पडते, म्हणजे एकूण २२-२३ अंश. कारखान्यात जुना बुश गाडीच्या उभ्या उंचीला आवळलेला होता. त्याला त्याच खड्ड्यात साडेनऊ अंशच सोसावे लागत, आणि गाडी उभी असताना तो चक्क विश्रांती घेत असे.

मान एका बाजूला वळवून कोणी दिवसभर बसू शकेल का? तुमचा बुश दहा महिने तसा बसला होता. त्याने एवढा तग धरला, यावरून माल बरा असावा, असेच मी म्हणेन. डावाच आधी का फाटला याचे कारणही साधे आहे : आपल्याकडे डाव्या चाकाच्या वाट्याला रस्त्याची खचलेली कडा येते.

ही चूक तुम्ही एकट्यानेच केलेली नाही. माझ्या जुन्या गाडीच्या मागच्या बुशांबाबत मी हेच केले होते, आणि वर वर्षभर रबराच्या दर्जाबद्दल लोकांना व्याख्याने दिली होती. पुष्कळ गॅरेजांतही हेच चालते. गाडी लिफ्टवर असते, बोल्ट समोर दिसत असतो, हवेचे पिस्तूल हातात असते. आवळला आणि पुढच्या गाडीकडे वळला. गिऱ्हाईक वर्षाने परत येते, तेव्हा दोष रस्त्यांना देता येतो. आपले रस्तेही तो दोष बिनतक्रार घेतात.

आता ग्रीस. बुशाचे रबर बहुधा नैसर्गिक रबर असते. झीज, ताण आणि पीळ सोसण्यात त्याचा हात धरणारे फार थोडे, पण खनिज तेलाशी त्याचे वैर आहे. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल, साधे ग्रीस हे सगळे त्या रबरात मुरते. रबर फुगते, मऊ पडते आणि त्याची ताकद जाते. खात्री करून घ्यायची असेल तर एक साधा रबरबँड चमचाभर डिझेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, दुसरा तसाच कोरडा ठेवा. सकाळी दोन्ही शेजारी ठेवून पाहा, आणि भिजलेला जरा ताणूनही पाहा. मग ग्रीसचा डबा उचलायला हात धजावणार नाही.

यावरून एक गोष्ट बाकीच्या वाचकांनीही लक्षात घ्यावी. पावसाळ्याच्या तोंडावर गाडीच्या पोटाला डिझेल आणि जुने ऑइल फवारून घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पत्र्याला त्याने काही दिवस गंज लागत नाही, हे कबूल. पण तो फवारा बुश, ब्रेकचे होज आणि इतर रबरी भागांवरही बसतो. पत्रा वाचवताना रबर जाते. गंजाचीच भीती असेल तर पोट नुसत्या पाण्याने स्वच्छ धुऊन वाळवावे आणि त्यासाठीच बनवलेला लेप पत्र्यापुरता लावून घ्यावा.

काकांची बाजूही ऐकायला हवी, कारण ते बिनबुडाचे बोलत नव्हते. बैलगाडीच्या आसाला वंगण लागे. अँबॅसडरच्या काळात चाकांच्या सांध्यांना ग्रीसचे निपल असत आणि ग्रीसगनचा हप्ता चुकला की सांधे कुरकुरत. त्या पिढीच्या हाताला ती सवयच लागली. शिवाय हल्ली पॉलीयुरेथेनचे रंगीत बुश मिळतात. ते खरोखरच आतल्या नळीवर फिरतात. त्यांना सोबत येणारे सिलिकॉनचे ग्रीस लावावेच लागते, नाहीतर दारासारखे करकरतात. ते फिरतात म्हणूनच त्यांना उभ्या उंचीला आवळण्याचीही गरज नसते. काकांचा सल्ला त्या बुशांना लागू पडला असता. पण ते कडक असतात, रस्त्याचा प्रत्येक खडा स्टिअरिंगपर्यंत पोचवतात. शर्यतीच्या गाडीला ठीक. भाजी आणायला आणि सणावाराला गावी जायला मी रबरच घेईन.

दुसऱ्यांदा काम काढण्याआधी आवाज नक्की बुशाचाच आहे का, ते पाहून घ्या. खड्ड्यात टक वाजले की आपण सरसकट शॉकअपवर खापर फोडतो, नवे शॉकअप बसवतो आणि टक-टक तशीच राहते. शॉकअप गेला तर गाडी एका धक्क्यानंतर दोन-तीनदा डोलते. सुटा, कोरडा ठोका सहसा एखाद्या सांध्याचा असतो. ८०० मध्ये आणखी एक गंमत आहे. तिचा लोअर आर्म चाकाला फक्त आडवे धरून ठेवतो. चाक पुढेमागे सरकू न देण्याचे काम स्टॅबिलायझर बार करतो; त्याची टोके आर्ममध्ये अडकवलेली असतात आणि तिथेही रबरी बुश असतात. ब्रेक दाबल्यावर चाक मागे रेटले जाते, तो सगळा भार या टोकाच्या बुशांवर येतो. म्हणून ठोका खड्ड्यापेक्षा ब्रेक मारताना किंवा पहिल्या गिअरमध्ये गाडी सुटताना वाजत असेल, तर आधी तिकडे बघा. ब्रेकला गाडी एका बाजूला ओढते, हीसुद्धा त्याच बुशांची तक्रार असू शकते.

तपासायची रीत सोपी. गाडी घोडीवर घ्या, आर्म आणि ब्रॅकेटच्या मध्ये टॉमी घाला आणि हलकेच दाबा. रबर थोडे दबणार, ते त्याचे कामच आहे. पण नळी रबरातून सुटून हलत असेल, रबर चिरून आरपार गेले असेल किंवा धातूला धातू लागत असेल, तर बुश गेला. नुसत्या वरवरच्या बारीक भेगा दिसल्या म्हणून घाबरून बदलू नका. हवेतल्या ओझोनने जुन्या रबरावर त्या पडतातच. बॉल जॉइंट त्याच वेळी हलवून पाहा. तो ढिला असेल तर नवे बुश घालूनही आवाज जाणार नाही.

आता काम. सुरुवात पान्याने करू नका, टेपने करा. गाडी सपाट जमिनीवर, आत कोणी नसताना, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजा आणि खडूने मडगार्डवर लिहून ठेवा. पुढे हाच आकडा तुम्हाला तारणार आहे. बोल्टांवर गंज सोडवणारे तेल आदल्या रात्रीच टाका. रबरावर जाऊ देऊ नका, निदान नव्या रबरावर तरी. कोकणातल्या वाचकांनी एक जास्तीचा बोल्ट आधीच आणून ठेवावा. खाऱ्या हवेत बोल्ट आतल्या नळीत असा गंजून बसतो की शेवटी करवतीनेच कापावा लागतो, आणि हे नेहमी रविवारी, दुकाने बंद असताना कळते.

गाडीखाली शिरताना ती घोडीवरच हवी. नुसत्या जॅकवर नको, आणि विटांवर तर कधीच नको. वीट आधी कुरकुरत नाही, एकदम फुटते. मागच्या चाकांना दोन्हीकडून ओट लावा.

तुमच्या ८०० ला पुढे स्प्रिंग शॉकअपबरोबर एकाच खांबात बंदिस्त असते, म्हणून आर्म सोडवला तरी ती उसळून येत नाही. हे सगळ्याच जुन्या गाड्यांना लागू नाही. प्रीमियर पद्मिनीसारख्या दोन आर्मच्या गाडीत स्प्रिंग आर्मवर दाबून बसवलेली असते आणि अँबॅसडरला पुढे टॉर्शन बार असतो. या गाड्यांचा आर्म विचार न करता सोडवणे म्हणजे ताणलेली गलोल तोंडासमोर धरणे. त्यांच्या मालकांनी हे काम घरी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बुश काढण्यात सगळ्यात जास्त घाम जातो. आर्म सुटा करून हायड्रॉलिक प्रेस असलेल्या लेथवाल्याकडे नेलात तर काम मिनिटांचे आहे आणि त्याचे पैसे द्यायला मला कधी वाईट वाटलेले नाही. घरीच करायचे असेल तर जुने रबर कापून काढा. बाहेर पत्र्याची नळी असेल तर करवतीचे पाते आतून घालून तिला एक उभी चीर द्या. पाते आर्मच्या धातूला लागता कामा नये. मग ती आतल्या बाजूला दुमडून निघते. नवा बुश हातोड्याने ठोकू नका. लांब बोल्ट, नट, जाड वॉशर आणि योग्य व्यासाचा पाइपचा तुकडा यांचा शिकंजा करून तो ओढून बसवा. पत्र्याची नळी असेल तर दाब तिच्या कडेवर येऊ द्या, आतल्या नळीवर नको. नाहीतर बसवतानाच रबर सुटते. उघडे रबर असेल तर साबणाचे पाणी लावा. ते सरकायला मदत करते आणि वाळून जाते. ग्रीसची जागा साबणाने घेतली, एवढेच. काही बुशांवर बाण असतो किंवा रबरात पोकळ फटी असतात. जुना ज्या दिशेला होता त्याच दिशेला नवा बसवा.

बुश रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला की आपसूक आत जातो, असे बरेच जण सांगतात. हिशेब करून बघू. ४० मिलिमीटर व्यासाची पोलादी नळी उणे १८ अंशांना ठेवली आणि बाहेर ३० अंश असले, तर ती जेमतेम दोन शतांश मिलिमीटर आकसते. म्हणजे थोडी मदत होते, जादू होत नाही. घरच्या मंडळींचा आइस्क्रीमच्या शेजारी गाडीचे सामान ठेवण्याला विरोध असेल, तर तो मोडून काढण्याइतका हा मुद्दा मोठा नाही.

आता खरा मुद्दा. आर्म जागेवर लावा, बोल्ट घाला, पण नट हाताने टेकतील एवढेच फिरवा. मग आर्मच्या बाहेरच्या टोकाला, बॉल जॉइंटच्या खाली जॅक लावून आर्म हळूहळू वर उचला. मडगार्डवर खडूने लिहिलेला आकडा आला की थांबा. गाडी घोडीवरून किंचित हलकी झाल्यासारखी वाटेल; ते बरोबर आहे, कारण तिचे वजन आता स्प्रिंगवर आले. घोडी मात्र तिथून काढायची नाही. या अवस्थेत नट पक्के आवळा, शक्यतो टॉर्क पान्याने आणि गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याला. पाना फिरवायला जागा नसते, ही तुमची अडचण इथे सुटते : गाडी वरच आहे, फक्त आर्म त्याच्या उभ्या जागी आला आहे. स्टॅबिलायझरच्या टोकाचे नटही असेच. आपोआप लॉक होणारे नट आणि स्प्लिट पिना जुन्या वापरू नका.

काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्या. हा क्रम उलटा करण्यात अर्थ नाही. फाटक्या बुशांवर अलाइनमेंट करणे म्हणजे हलत्या स्टुलावर उभे राहून भिंतीत खिळा ठोकणे.

उरला प्रश्न तुमच्या उजव्या बुशाचा. डावा तर बदलावाच लागेल, कारण फाटलेले रबर सांधत नाही. बुश जोडीने बदलावेत असे मी एरवी सांगतो. पण उजवा जेमतेम दहा महिन्यांचा आहे आणि तुमच्या पत्रात त्याच्याविरुद्ध तक्रार नाही. टॉमी लावून पाहा. रबर नळीला घट्ट असेल आणि ग्रीसने फुगलेले नसेल, तर बाहेरचे ग्रीस कापडाने पुसा, साबणाच्या पाण्याने धुवा, आर्म खडूच्या आकड्यापर्यंत उचला, बोल्ट सैल करून पुन्हा आवळा. सैल करताना आतली नळी बारीकसा ‘टिक’ आवाज करून फिरेल. तो दहा महिन्यांचा पीळ सुटल्याचा आवाज असेल, आणि त्याला खर्च शून्य आहे.